अँटिरेट्रोव्हायरल औषधे

एचआयव्ही या विषाणूची शरीरातील वाढ रोखणारी औषधे. यांतील दोन किंवा तीन औषधे एकत्र देण्याच्या उपचाराला अँटिरेट्रोव्हायरल थेरपी, बोलताना नुसते ‘एआरटी’, म्हणतात. ही औषधे नवे विषाणू तयार होऊ देत नाहीत. शरीरात दडून बसलेल्या विषाणूचा समूळ नाश मात्र त्यांना करता येत नाही. त्यामुळे उपचार आयुष्यभर चालू ठेवावा लागतो.

एचआयव्हीची आनुवंशिक माहिती आरएनएच्या रूपात असते. तो रक्तातील सीडी-४ पेशीत (एक प्रकारची पांढरी पेशी) शिरला की रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) त्या आरएनएवरून डीएनए तयार करते. इंटिग्रेज हे दुसरे विकर तो डीएनए पेशीच्या गुणसूत्रात जोडून टाकते. पुढे पेशी आपलीच समजून विषाणूची प्रथिने बनवत राहते आणि प्रोटिएज हे तिसरे विकर त्या लांबलचक प्रथिनसाखळ्या कापून विषाणू पक्व करते. बहुतेक औषधे या तिघांपैकी एकाची वाट अडवतात. झिडोव्हुडीन, लॅमिव्हुडीन, टेनोफोव्हिर ही पहिल्या विकरावर चालतात. त्यांचा आकार डीएनएच्या घटकांसारखा असतो. विकर फसून त्यांना साखळीत गुंफते आणि साखळी तिथेच खुंटते. एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापिन त्याच विकराला चिकटून त्याची रचना बिघडवतात. डोल्युटेग्राव्हिर इंटिग्रेजला रोखते, डारुनाव्हिर प्रोटिएजला. विषाणूला पेशीच्या दारातच थोपवणारीही काही औषधे आहेत, पण त्यांचा वापर कमी.

एकाच औषधाने का भागत नाही, याचे उत्तर विषाणूच्या गचाळ कामात आहे. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नक्कल उतरवताना चुका करते आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. इतक्या गर्दीत एखाद्या औषधाला दाद न देणारा विषाणू बहुधा उपचाराआधीच असतो. ते एकच औषध दिले तर बाकीचे दबतात आणि त्याला रान मोकळे मिळते. दोन-तीन वेगवेगळ्या औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा विषाणू निपजणे मात्र फार अवघड. गोळ्या वारंवार चुकल्या की रक्तातील औषधाची पातळी घसरते, विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि उरल्यासुरल्या औषधाच्या सान्निध्यात प्रतिरोधी वाण निवडले जाते. वेळ पाळण्याचा आग्रह त्यासाठीच.

हा धडा अनुभवातून मिळाला. झिडोव्हुडीन १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवले गेले होते, त्यासाठी ते निरुपयोगी ठरले. १९८७ मध्ये एचआयव्हीवरील पहिले औषध म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीला ते दर चार तासांनी, रात्री उठूनही घ्यावे लागे. एवढे करून गुण टिकायचा नाही. डिसेंबर १९९५ मध्ये सॅक्विनाव्हिर हे पहिले प्रोटिएजरोधक आले आणि १९९६ पासून तीन औषधांचा उपचार रूढ झाला. ज्या देशांत तो उपलब्ध होता, तेथे एड्समृत्यू झपाट्याने घटले. तरी रोज मूठभर गोळ्या, त्यांतल्या काही उपाशीपोटी तर काही जेवणाबरोबर, असा तो जाच होता. तीन औषधांची दिवसाला एकच गोळी २००६ मध्ये आली.

पूर्वी सीडी-४ पेशी ठरावीक संख्येखाली गेल्यावरच उपचार सुरू करत. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस निदान होताच सर्वांना औषधे देण्याची आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्राव्हिर ही पहिल्या पसंतीची जोडणी. कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिन दर दोन महिन्यांनी इंजेक्शनने देता येतात.

उपचार लागू पडतो आहे की नाही, हे व्हायरल लोड म्हणजे रक्तातील विषाणूंच्या मोजणीवरून कळते. ती मिलिलिटरमागे २०० प्रतींखाली टिकून राहिली तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. गर्भवतीने औषधे नियमित घेतल्यास बाळाला होणारा संसर्गही बहुतांशी टळतो. संसर्ग नसलेल्यांनाही ही औषधे संरक्षण देतात : जोखीम असणाऱ्यांना आधीपासून, किंवा संसर्गाची शक्यता उद्भवल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस.

लोड ‘न सापडण्याइतका’ झाला म्हणजे आजार गेला असे नव्हे. काही सीडी-४ पेशी निद्रिस्त असतात. त्यांच्या गुणसूत्रात विषाणूचा डीएनए निपचित पडून राहतो. तिथे नक्कल चालूच नसल्याने औषधाला अडवण्यासारखे काही सापडत नाही. उपचार थांबवला की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू परत दिसू लागतो.

दुष्परिणाम औषधागणिक वेगळे. झिडोव्हुडीनने रक्तक्षय होऊ शकतो, एफाव्हिरेन्झने विचित्र स्वप्ने पडतात, टेनोफोव्हिरच्या जुन्या रूपाने मूत्रपिंड व हाडांवर परिणाम होतो. चेहऱ्याची चरबी झडवणारे स्टॅव्हुडीन आता जवळजवळ बाद झाले आहे. अबाकाव्हिर देण्याआधी, शक्य असेल तेथे, एक जनुकीय तपासणी करतात, कारण ठरावीक जनुकप्रकार असलेल्यांना त्याची जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन डोल्युटेग्राव्हिरची पातळी खाली आणते, म्हणून त्या काळात डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा देतात. टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडीन हिपॅटायटिस-बी विषाणूलाही आवरतात. दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णाने ती अचानक बंद केल्यास यकृताचा दाह उफाळतो.