बर्फाची लादी जागची का हलते?

कडाप्प्याच्या ओट्यावर नीट ठेवलेली लादी कोणी हात न लावता उताराकडे सरकते, अशी विचारणा मालीम जेटीवरील व पणजी बाजारातील आमचे ग्राहक नेहमी करतात. यात लादीचा दोष नसतो. ती स्वतःच्याच पाण्यावरून घसरत असते.

ओट्यातील उष्णता लादीच्या तळात शिरते आणि तेथे पाण्याचा पातळ थर तयार होतो. वजनाने हे पाणी कडेने बाहेर पडते, पण तळ वितळतच असल्याने नवे पाणी त्याची जागा घेते. थर फार जाडही होत नाही आणि नाहीसाही होत नाही. वजनाच्या दाबानेच बर्फ वितळतो, ही समजूत मात्र खरी नाही. एका वातावरणाएवढा जादा दाब दिला तरी वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही उतरत नाही आणि आपल्या लादीचा दाब त्याच्या जवळपासही पोहोचत नाही.

कारखान्यातून निघालेली लादी शून्याखाली असते, त्यामुळे सावलीतल्या ओलसर पत्र्यावर ती ठेवताच पत्र्यावरचे पाणी गोठून ती चिकटते. थोड्या वेळाने तळ शून्य अंशावर आला की ही पकड अचानक सुटते. घट्ट बसलेल्या लादीवर आमचे कामगारही भरवसा ठेवत नाहीत, ते यासाठीच.

एक किलो बर्फ वितळण्यास सुमारे 334 किलोज्यूल उष्णता लागते, जी तेवढेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापवू शकेल. म्हणजे 25 किलोची लादी वितळताना विजेच्या सुमारे 2.3 युनिटइतकी उष्णता ओढून घेते. बांगडा गार राहतो तो मुख्यतः या वितळण्यामुळे, म्हणून पाणी दिसताच बर्फ वाया गेला असे समजू नये. पेटीतून त्याचा निचरा मात्र व्हावा.

लादी लाकडी रिपांवर ठेवावी. लाकडातून उष्णता धातूच्या मानाने फारच हळू जाते आणि फटींतून पाणी निघून जाते. पकड यावी म्हणून खाली मीठ टाकू नये. मिठाने वितळणबिंदू उतरतो आणि पाणी उलट वाढते. टेम्पोचा फाळका उघडताना समोर न राहता बाजूला उभे राहावे.