खाण बंद पडते, श्वास चालू राहतो

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. विहीर वापरात नव्हती, तिच्यात शेणाचा राडा साठवलेला होता. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. सहा जण उतरले आणि पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

विहिरीतल्या गाळापायी माणसं गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात, आणि गावात कुणीतरी म्हणतंच, की ही विहीर बळी घेते. ते ऐकलं की मला फार राग येतो. विहिरीला बळी नको असतो. तिच्यातल्या हवेत ऑक्सिजन उरलेला नसतो किंवा विषारी वायू भरलेला असतो, आणि हे कळलं तर दुसरा माणूस उतरणार नाही. बळीची गोष्ट सांगून आपण नेमकी हीच माहिती झाकून टाकतो.

ती बातमी वाचताना मला विहीर नाही, एक खाण आठवली. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत मार्चच्या अखेरीस भाचीबरोबर गेलो होतो. कीन वंडर नावाची सोन्याची जुनी खाण तिथे आहे. ती धोकादायक म्हणून २००८ साली पर्यटकांना बंद केली होती. डागडुजी करून २०१७ मध्ये पुन्हा खुली केली. डोंगराच्या अंगावर एका बोगद्याच्या तोंडाला आडव्या लोखंडी गजांचं फाटक होतं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि गजांमधून इतका गार वारा येत होता की भाचीने हात आत धरून विचारलं, "मामा, आत एसी लावलाय का?"

या लेखात मला तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. पण आधी रुळांविषयी थोडं, कारण उत्तराचा एक धागा तिकडे जातो.

या वाळवंटात माणसं आली ती सोनं, चांदी आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, यांच्यासाठी. पाणी नाही, सावली नाही, सावलीतला पारा १९१३ साली ५६.७ अंशांवर गेल्याची नोंद इथलीच. तरीही इथे आगगाड्या धावल्या. रायनच्या बोरॅक्स खाणींपासून निघणारी डेथ व्हॅली रेलरोड ही तीन फुटी नॅरोगेज १९१४ ते १९३१ चालली. तिचं दोन नंबरचं वाफेचं इंजिन फर्नेस क्रीकच्या संग्रहालयाबाहेर उभं आहे. नेवाडातल्या टोनोपा या चांदीच्या गावात १९०४ साली नॅरोगेज पोचली आणि मालाचा रेटा इतका, की वर्षभरात तिचे रूळ रुंद करावे लागले. रायनला तर खाणींपाशी याहूनही लहान 'बेबी गेज' होती. तिच्या रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे अगदी आपल्या नेरळ–माथेरानच्या गाडीएवढं.

रूळ अरुंद ठेवण्याचं कारण डोंगरात एक आणि बोगद्यात दुसरं. डोंगरात अरुंद गाडी तीव्र वळण घेऊ शकते, त्यामुळे कडे कमी फोडावे लागतात. बोगद्यात प्रत्येक जास्तीचा फूट सुरुंग लावून खडकातून मिळवावा लागतो, म्हणून गाडी बोगद्याला शोभेल एवढीच. शिवाय हे आडवे बोगदे सपाट नसतात. आत जाताना ते किंचित चढत जातात, साधारण दोनशे फुटांना एक फूट. त्यामुळे खनिजाने भरलेली डबी उताराने बाहेर आणायला सोपी, रिकामी आत ढकलायची, आणि झिरपलेलं पाणीही आपोआप बाहेर. डब्यांसाठी काढलेला हा उतार खाण बंद पडल्यावरही काम करत राहतो, कारण गार हवासुद्धा पाण्यासारखीच उताराने वाहते.

जमिनीखाली थोडं खोल गेलं की उन्हाळा-हिवाळा पोचत नाही. तिथलं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. समजा, आत २० अंश आहे आणि बाहेर ४०. समुद्रसपाटीचे आकडे घेतले तर २० अंशांच्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२० किलो, आणि ४० अंशांच्या हवेचं १.१३ किलोच्या आसपास. फरक सुमारे पाऊणशे ग्रॅमचा. पण खाणीला दोन तोंडं असतील, एक खाली आणि एक पन्नास मीटर वर, तर हा फरक पन्नास मीटरच्या रांगेत साठत जातो. एक चौरस मीटरचं फाटक धरा: त्याच्या आतल्या बाजूने बाहेरच्यापेक्षा पावणेचार किलो जास्त भार येतो. एवढ्या जोराने हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते आणि वरच्या तोंडातून तापलेली हवा आत ओढली जाते. ती खडकाला लागून गार होते आणि पुन्हा खाली उतरते. चुलीच्या धुराड्याचा हाच नियम, फक्त उलटा चालवलेला. भाचीच्या हाताला लागत होता तो हा वारा.

तोंड एकच असेल तरी हवा थांबत नाही. गार हवा जमिनीलगत, रुळांवरून उताराने बाहेर सरकते आणि छताजवळून उष्ण हवा आत शिरते. एका हाताचा पंजा खाली, दुसरा वर धरला तर दोन्ही प्रवाह वेगवेगळे जाणवतात.

आता रात्र पडली असं समजा. वाळवंटातली हवा भराभर निवते. बाहेरचा पारा ४० वरून घसरत ज्या क्षणी २० वर येतो, त्या क्षणी वजनातला फरक शून्य होतो आणि खाण श्वास धरते. पारा आणखी उतरला की सगळं उलटं. आता आतली हवा हलकी, ती वरच्या तोंडातून निघते आणि खालचं तोंड बाहेरची हवा आत ओढतं. पहाटेनंतर पुन्हा पलटी. ज्या दिवशी बाहेरचं तापमान आतल्या तापमानाच्या दोन्ही बाजूंना जातं, त्या दिवशी श्वास दोनदा फिरतो आणि दोनदा थबकतो. मला भौतिकशास्त्रातली इतकी साधी आणि इतकी सुंदर गोष्ट क्वचितच सापडली आहे: यंत्र नाही, पंखा नाही, निव्वळ सूर्य आणि खडक.

याच्यावर आणखी एक श्वास चढतो, तो वायुदाबाचा. वायुदाब रोज दोनदा वर जातो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. वादळ येत असेल तर काही तासांत दाब एक टक्क्याने पडू शकतो. दाब एक टक्का उतरला की खाणीतली एक टक्का हवा बाहेर पडते. एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण जुन्या खाणीच्या सगळ्या पोकळ्या मिळून पन्नास हजार घनमीटर असतील, तर ही हवा पाचशे घनमीटर झाली. दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच बोगद्यात पाचशे घनमीटर हवा सव्वाशे मीटर लांबी व्यापते. म्हणजे सकाळी ज्या बोगद्यात तुम्ही निर्धास्त फिरलात, त्याचा पहिला सव्वाशे मीटरचा पट्टा दुपारी खाणीच्या पोटातून आलेल्या शिळ्या हवेने भरलेला असू शकतो.

शिळी म्हणजे किती शिळी? सोन्याचांदीच्या शिरांबरोबर पायराइट हे सोन्यासारखं चकाकणारं खनिज पुष्कळदा असतं. ते लोह आणि गंधकाचं संयुग आहे. हवा आणि ओल मिळाली की ते गंजतं. पूर्ण गंजायला पायराइटच्या चार रेणूंना ऑक्सिजनचे पंधरा रेणू लागतात. चार गुणिले १२० म्हणजे ४८०, आणि पंधरा गुणिले ३२ म्हणजेही ४८०! एक किलो पायराइट बरोबर एक किलो ऑक्सिजन खातं. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणायचा, तर एक किलो पायराइट सुमारे पंधरा घनमीटर हवा खराब करतं, म्हणजे आपल्या त्याच बोगद्याचे जवळजवळ चार मीटर. आणि बोगद्याच्या भिंतीत पायराइट काही एक किलोच नसतं. त्यात लाकडी टेकू कुजतात, तेही ऑक्सिजन ओढतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. वाळवंट कोरडं म्हणून आत काही कुजणार नाही असं समजू नका. खोलवर ओल असते.

जिथे श्वास पोचतो तिथे हे नुकसान भरून निघतं. पोचत नाही ते बोगद्याच्या तळातून खाली खणलेल्या खड्ड्यांत. उतारावरून वाहणारी हवा अशा खड्ड्यावरून निघून जाते आणि खड्डा तसाच राहतो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो तिथे साचतो. जुन्या रुळांच्या पुढे दोन पावलांवर असा खड्डा असतो, कधीकधी वर कुजकी फळी टाकलेला.

सगळ्यात वाईट भाग आपल्या शरीराचा आहे. श्वास कोंडल्यावर जीव घाबरा होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. पायराइट ऑक्सिजन खातं, पण त्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड देत नाही. म्हणून अशा हवेत गुदमरल्यासारखं होतच नाही. १६ टक्क्यांच्या आसपास विचार गढूळ होतो आणि माणसाला उलट ठीकच वाटतं. दहा टक्क्यांवर शुद्ध जाते. सहाच्या खाली काही मिनिटांत सगळं संपतं. वाकडीच्या विहिरीतले वायू वेगळे, ते शेण कुजून तयार होणारे, पण मागोमाग उतरणाऱ्याची फसगत तीच: हवा दिसत नाही, आणि धोका कळेपर्यंत पाय उचलत नाहीत.

दिवा जळतोय म्हणजे हवा चांगली, हा समजही सोडून द्या. मेणबत्ती १६–१७ टक्क्यांच्या आसपास विझते, पण कार्बाइडचा, म्हणजे ॲसिटिलीन वायूवर जळणारा, दिवा त्याहून कमी ऑक्सिजनच्या हवेतही जळत राहतो. खाणकामगारांनी मेणबत्ती सोडून कार्बाइड घेतला तेव्हा उजेड वाढला आणि एक इशारा गेला. शिवाय कार्बन मोनॉक्साइडपुढे ज्योत काहीच सांगत नाही. ऑक्सिजन आणि विषारी वायू दोन्ही मोजणारं यंत्र हाच एक उपाय.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार मानत, की खाणीत 'टॉमीनॉकर' नावाची छोटी भुतं भिंती ठोठावतात. लाकडावर खडकाचा भार बदलला की ते करकरतं, दगड सुटण्याआधी कडाडतो. त्या आवाजाकडे कान देणं शहाणपणाचं होतं, भुतासाठी भाकरीचा तुकडा ठेवणं नव्हे. आजची भुतं व्हिडिओंत आहेत: हेल्मेटवर कॅमेरा लावून शंभर वर्षं बंद असलेल्या बोगद्यात शिरणारे तरुण, आणि खाली 'इथे कुणीच आलं नव्हतं' अशी फुशारकी. मला रुळांचं वेड आहे, बेबी गेजचा एक डबा हाताला लागावा म्हणून मी मैलभर चालेन, पण फाटकाच्या आत जाणार नाही.

त्या फाटकाचे गज आडवे का, हेही भाचीनेच विचारलं. तोंड सिमेंटने बुजवलं तर काम सोपं झालं असतं. पण या बोगद्यांत वटवाघळं राहतात. ठरावीक तापमानाची, ठरावीक वाऱ्याची जागा ती निवडतात. तोंड बुजवलं की श्वास बदलतो आणि ती जागा त्यांना निरुपयोगी होते. म्हणून गज इतक्या अंतरावर, की वटवाघूळ उडत जाईल, हवा जाईल, माणूस जाणार नाही.

दिवस मावळल्यावर उतरताना आम्ही पुन्हा तिथे थांबलो. भाचीने गजांमधून हात धरला, खाली वाकून रुळांच्या उंचीवर धरला, मग जमेल तितका वर. "मामा, बंद झाला," ती म्हणाली.