मराठी क्रियापद कर्त्याला का सोडते?

‘सीता आंबा खाते’ आणि ‘सीतेने आंबा खाल्ला’. खाणारी तीच, आंबाही तोच. पण भूतकाळ आला आणि क्रियापद सीतेला सोडून आंब्याच्या लिंगवचनाने चालू लागले. शाळेत हा कर्मणी प्रयोग पाठ करून घेतात, तो आला कुठून हे क्वचितच सांगतात.

त्याचे मूळ संस्कृत धातुसाधितांत, म्हणजे धातूपासून बनलेल्या विशेषणांसारख्या शब्दांत आहे. ‘सीतया आम्रं खादितम्’ या वाक्यात सीता तृतीयेत आहे आणि ‘खादितम्’ हे आंब्याचे विशेषण आहे. प्राकृतात भूतकाळाची जुनी रूपे मागे पडली आणि त्यांच्या जागी हीच रचना रुळली. मराठीने तिला ‘ल’ जोडला, पण लिंगवचन कर्माचेच ठेवले. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, तरी मुलगा असो की मुलगी, ‘मी पोळी खाल्ली’ असेच म्हणतात. कारण या जागी पूर्वी ‘म्यां’ आणि ‘त्वां’ ही तृतीयेची रूपे येत. ‘तू पोळ्या खाल्ल्यास’ तर विलक्षणच: ‘ल्या’ पोळ्यांचा, ‘स’ तुझा. वैयाकरणांनी याला कर्तृकर्मसंकर म्हटले. आणि ‘तो धडा शिकला’, ‘ती नाव विसरली’ अशी, कर्म असूनही कर्त्यामागे जाणारी क्रियापदे आहेतच.

१८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले, १९११ साली मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. पण ‘प्रथमेत असेल तो कर्ता’ ही सोपी खूण विद्यार्थ्यांच्या डोक्यातून अजून जात नाही. पाणिनीने कर्ता प्रत्ययावरून ठरवलाच नव्हता. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. त्याला जे सर्वांत हवेसे, ते कर्म. विभक्ती त्यानंतरची गोष्ट. ज्याला एखादी गोष्ट रुचते त्याला तर त्याने कर्ता नव्हे, संप्रदान म्हटले, म्हणजे देणे ज्याला पोचते त्याच्या गटात घातले. म्हणजे ‘मला आंबा आवडतो’ यात आंबाच कर्ता. आजचे अभ्यासक ‘मला’लाही कर्त्याचे काही गुण देतात, आणि मला ते पटते: ‘मला आपली शाळा आवडते’ यातले ‘आपली’ माझ्याकडेच बोट दाखवते.

सोलापूर-लातूरकडे ‘मी काम केलो’ ऐकू येते. तिथे क्रियापद पुन्हा कर्त्याकडे वळले आहे. शेजारच्या कन्नडमध्ये ते भूतकाळातही कर्त्यामागेच जाते. शिक्षक ‘मी काम केलो’ अशुद्ध ठरवून खोडतात, पण प्रयोग कसे बदलतात हे वर्गात दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.