जायमन हून्सू

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाचा अभिनेता, जन्म १९६४, कोतोनू (तेव्हा देशाचं नाव दाहोमे होतं). हॉलिवूडचे पिक्चर बघणाऱ्यांनी याला हमखास पाहिलेलं असतं, पण नाव विचारलं की गाडी अडते, 'तो ग्लॅडिएटरमधला मॅक्सिमसचा दोस्त' असं सांगितल्यावरच लोकांची ट्यूब पेटते.

बारा-तेरा वर्षांचा असताना तो भावासोबत फ्रान्समधे ल्योंला आला. पुढे शिक्षण सुटलं, पॅरिसमधे राहायला जागा नाही, पुलाखाली झोपायचं, कारंज्याच्या पाण्यात अंग धुवायचं असे दिवस काढले. एका फोटोग्राफरची नजर पडली आणि त्यातून तो फॅशन डिझायनर थिएरी म्युग्लरपर्यंत पोचला, मॉडेल झाला आणि मग अमेरिकेत जॅनेट जॅक्सनच्या म्युझिक व्हिडिओत वगैरे दिसायला लागला.

खरा ब्रेक म्हणजे स्पीलबर्गचा अमिस्टाड (१९९७). गुलामांच्या जहाजावर बंड करणारा सिंके त्याने केला आणि त्यासाठी सिएरा लिओनची मेंडे भाषा शिकावी लागली. म्हणजे आफ्रिकन असला तरी ती भाषा त्याला आपल्यासारखीच परकी, आफ्रिका एकच देश असल्यासारखं बोलणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. या रोलसाठी गोल्डन ग्लोबचं नॉमिनेशन मिळालं. मग ग्लॅडिएटर (२०००), त्यात शेवटी कोलोसियमच्या मातीत मॅक्सिमसच्या बायको-मुलाच्या छोट्या मूर्ती पुरतो तो जुबा हाच.

ऑस्करचं नॉमिनेशन दोनदा, दोन्ही वेळा सहाय्यक अभिनेता म्हणून, इन अमेरिका आणि ब्लड डायमंडसाठी (२००६). पहिल्यांदा टिम रॉबिन्सला मिळालं, दुसऱ्यांदा अ‍ॅलन आर्किनला. ब्लड डायमंडचा हिरो डिकॅप्रिओ असला तरी माझ्या मते पिक्चर हून्सूचाच आहे. बंडखोरांनी बंदूक हातात दिलेला पोरगा बापावरच, म्हणजे हून्सूवरच, ती रोखतो आणि हा ओरडत नाही की झडप घालत नाही, नुसतं घरचं बोलत राहतो, आई चुलीशी बसून वाट बघतेय, गाई वाट बघतायत, तुझं एकट्याचंच ऐकणारा तो कुत्रापण.

नंतर सुपरहिरोपटांची रांग लागली, मार्व्हलमधे कोराथ, डीसीच्या शझॅममधे जादूगार. काम भरपूर पण बहुतेक साईड रोलच. पैशाच्या बाबतीत आपल्याला कायम कमीच मिळालं, हे त्याने मुलाखतींत उघड सांगितलंय, आणि २०२५ मधेही पोटापाण्याची ओढाताण चालूच असल्याचं तो म्हणाला.