रोव्हर्स कप पहिल्यांदा कोणत्या भारतीय संघाने जिंकला?

मुंबईच्या फुटबॉल स्पर्धेचा रोव्हर्स कप जिंकणारा पहिला भारतीय संघ कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. मोहमेडनने तो 1940 साली जिंकला. त्याआधी 1937 मध्येच बंगलोर मुस्लिम्सने गोऱ्या पलटणींची मक्तेदारी मोडली होती, तीही अंतिम सामन्यात याच मोहमेडनला 1-0 हरवून! पुढच्या वर्षीही कप बंगलोरकडेच राहिला.

गोंधळ बहुधा ड्युरंड कप या दुसऱ्या फुटबॉल स्पर्धेमुळे होतो. ड्युरंड जिंकणारा पहिला भारतीय संघ मोहमेडनच, आणि सालही 1940च.

1891 पासूनची रोव्हर्स स्पर्धा इंग्रजांबरोबर संपली, हाही गैरसमजच. 1950 ते 1954 सलग पाच वेळा हैदराबाद पोलीस जिंकले. स्पर्धा बंद पडली ती 2001 नंतर. बंगलोरच्या त्या खेळाडूंचा मान त्यांना मिळायलाच हवा.