कॉमिक कशासाठी हवंय? प्रत निवडण्याआधी एवढं वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"वेताळ आहे का?" "मांगा (जपानी कॉमिक) ठेवता का?" "सात वर्षांच्या पुतणीला काय देऊ?" दुकानात प्रश्न असे येतात आणि आम्ही उलट विचारतो, कशासाठी हवंय? ही उगाच चौकशी नाही. एकच गोष्ट बाजारात चार रूपांत मिळते: जुना मूळ अंक, नंतरचं पुनर्मुद्रण, अनेक अंकांचा एकत्रित खंड आणि वाचनालयातून निघालेला बाइंड गठ्ठा. निवांत वाचणाऱ्याला जो गठ्ठा सोन्यासारखा, तोच संग्राहकाच्या लेखी रद्दी. नाराज ग्राहक परत येतो तेव्हा प्रत बहुधा ठीकच असते, पण ज्या कारणासाठी ती घेतली त्याच्या उपयोगाची नसते.

लहानपणीचा अंक शोधणाऱ्यांसाठी

सगळ्यात जास्त ओढीने येणारं गिऱ्हाईक हेच. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४मध्ये सुरू केलं, १९९०मध्ये ते बंद पडलं. इंग्रजी-हिंदीबरोबर ते मराठीतही निघायचं, म्हणून आज पन्नाशी-साठीत असलेल्यांना फँटम नाही, वेताळ आठवतो. अंकाचा क्रमांक जवळपास कुणालाच सांगता येत नाही, मुखपृष्ठ मात्र सांगता येतं. तेवढं पुरतं. विचारताना भाषा, वाचल्याचं साधारण साल, मुखपृष्ठावर कोण काय करतंय आणि गोष्टीतला एखादा प्रसंग सांगा.

आधी एवढं ठरवा: गोष्ट हवी की तोच अंक? इंद्रजालमध्ये मूळ अमेरिकी चित्रपट्ट्या ठरावीक पानांत बसवण्यासाठी कापल्या जायच्या. वेताळाच्या देशाचं मूळ नाव आपल्या बंगालशी जुळणारं, म्हणून इथे त्याची 'देंकाली' झाली. आजच्या इंग्रजी एकत्रित खंडांत गोष्ट अख्खी आणि छपाई स्वच्छ असते, पण देंकाली नसते आणि मराठी वेताळही नसतो. नुसती गोष्ट वाचायची असेल तर खंड घ्या, स्वस्त पडतो. शाळेच्या सुट्टीतला तो अंक हातात धरायचा असेल तर कोपरे झिजलेला, नाव-इयत्ता लिहिलेला मराठी अंकच घ्या. त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव असलं तरी बिघडत नाही, उलट कित्येकांना ते आवडतं.

संच पूर्ण करणाऱ्यांसाठी एक सूचना. इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत, टाइम्सच्या छापखान्यात संप होता. त्या रिकाम्या जागांपायी वणवण करू नका. पुढे १९८०च्या दशकात सलग क्रमांक जाऊन खंड आणि अंक अशी पद्धत आली. यादी त्याप्रमाणे ठेवली नाही तर एकच अंक दोनदा घेतला जातो.

अमर चित्रकथेचंही तसंच. १९६७मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या या मालेत 'कृष्ण' हा भारतीय कथेचा पहिला अंक, पण त्याचा क्रमांक ११. आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते. नंतरच्या पुनर्मुद्रणांना ५०१पासून नवे क्रमांक पडले. त्यामुळे क्रमांक वेगळा म्हणजे गोष्ट वेगळी, असं धरून चालू नका. जुन्या अंकांवर इंडिया बुक हाउसचं नाव असतं, २००७नंतरच्यांवर एसीके मीडियाचं. मुखपृष्ठ तेच राहू शकतं, म्हणून प्रकाशकाची ओळ आणि छापील किंमत आधी बघा.

जुना अंक हातात घेतल्यावर

मुखपृष्ठावर भाळू नका, आधी अंक मधोमध उघडा. ३२ पानी अंक म्हणजे एकात एक घातलेले आठ मोठे कागद, मधोमध दोन पिना. पिन गंजली की सगळ्यात आतला कागद पहिल्यांदा सुटतो आणि त्यावर १५, १६, १७ आणि १८ ही पानं असतात. १४ नंतर एकदम १९ आलं तर अंक पोकळ आहे. कागद मधला नसून दुसरा कुठला गेला असेल तर भगदाड दोन ठिकाणी पडतं: तिसरा कागद गेला की ५-६ आणि २७-२८ अशी चार पानं जातात. गोष्ट वाचताना पुढचं भगदाड लगेच कळतं, मागचं निसटतं. पान क्रमांक छापलेले नसतील तर उलटायची पानं मोजा (दोन्ही बाजू मिळून एक), मुखपृष्ठ सोडून १६ भरायला हवीत.

मग पिनेभोवतीचा कागद बघा. तपकिरी डाग नुसता असेल तर चालतो, पण कागद बोटाने दाबल्यावर चुरत असेल तर ती प्रत फार दिवसांची सोबती नाही. मागच्या पानांवरची कूपनं कापलेली आहेत का, शब्दकोडं पेनाने सोडवलंय का, हे बघून घ्या. आमच्या लेखी किंमत सगळ्यात जास्त उतरते ती पान गेल्याने. त्याखालोखाल कापलेलं कूपन, मग सेलोटेप. वाचनालयाचा शिक्का सगळ्यात किरकोळ. सेलोटेप शिक्क्याहून वाईट, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि निघत नाही.

बाइंड केलेल्या गठ्ठ्यांत बहुधा दहा-बारा अंक एकत्र शिवलेले असतात. बाइंडर कडा समान करायला तिन्ही बाजू कापतो, त्यात चौकटींच्या कडा आणि कधी संवादाच्या फुग्यातल्या शब्दाचं टोक जातं. वाचायला छान, संग्रहाला निरुपयोगी. गठ्ठा उसवून अंक सुटे करू नका, टाक्यांची भोकं तशीच राहतात.

मुलांना द्यायचं असेल तर

इथे घेणारा एक आणि वाचणारा दुसरा. मोठ्यांना काहीतरी शिकवणारं हवं असतं, मुलाला हसवणारं. आमचा सल्ला असा की दोन पुस्तकं घ्यायची असतील तर एक तुम्ही निवडा आणि एक मुलाला निवडू द्या, त्याच्या निवडीवर नाक न मुरडता. ज्या घरात फक्त चरित्रं येतात तिथे ती बैठकीच्या कपाटात नवीकोरी राहतात.

एक पान मुलाला मोठ्याने वाचायला द्या. पाचाहून जास्त शब्दांना अडखळलं तर पुस्तक वर्षभरानंतरचं समजा. मराठी शाळेतल्या मुलाला केवळ इंग्रजी सुधारावं म्हणून जड इंग्रजी कॉमिक देऊ नका. ते चित्रं बघून मिटतं. त्यापेक्षा छोट्या गोष्टींचं पुस्तक बरं. १९८०मध्ये सुरू झालेल्या टिंकल या मुलांच्या नियतकालिकातला सुप्पांडी किंवा शिकारी शंभू चार-सहा पानांत संपतो आणि विनोद चित्रातूनही कळतो. राम वाईरकरांनी काढलेल्या सुप्पांडीचं डोकंच बघा, वाचता न येणारं मूलही हसतं. शंभूच्या डोळ्यांवर कायम टोपी असते आणि वसंत हळब्यांनी तेवढ्यावर त्याचा अख्खा स्वभाव उभा केला.

आणि चित्रं आहेत म्हणजे मुलांचंच, हा समज दारातच ठेवा. इंग्रजी मांगाच्या मागच्या पानावर वयोगट छापलेला असतो. लहान अक्षरांत असतो, पण असतो. सगळ्यांसाठी, किशोर, मोठे किशोर आणि प्रौढ असे साधारण चार गट. नातवाने मुखपृष्ठ दाखवून मागितलं की आधी पुस्तक उलटून बघा.

मांगा सुरू करणाऱ्यांसाठी

मुलं बहुतेक वेळा अॅनिमे (जपानी कार्टून मालिका) बघून येतात आणि जिथे मालिका थांबली तिथला खंड मागतात. शक्यतो पहिला घ्या. पडद्यावर प्रसंग गाळलेले असतात, मधूनच सुरू केलं तर पात्रं कळत नाहीत आणि खंड अर्धवट पडतो.

सुरुवातीलाच लांबी विचारा. 'डेथ नोट' १२ खंडांत संपते, 'डीमन स्लेअर' २३ मध्ये, 'नारुतो' ७२ मध्ये आणि १९९७मध्ये सुरू झालेली 'वन पीस' शंभरी ओलांडून गेली आहे. एका खंडाला ४०० रुपये धरले तर २३ खंडांचे ९,२०० होतात आणि ७२ खंडांचे २८,८००. महिन्याला दोनच घेता येणार असतील तर ७२ खंडांना तीन वर्षं लागतील. हे आधी माहीत असलं की दहाव्या खंडावर घरात वाद होत नाहीत. तीन खंड एकात बांधलेली आवृत्ती असेल तर ती स्वस्त पडते, पण सुट्या खंडांत मिसळू नका. उंची आणि कण्याचं चित्र जुळत नाही, आणि मांगा घेणाऱ्यांना कपाटातली रांग सरळ लागते.

वाचायचं उजवीकडून डावीकडे: चौकटी, फुगे, पानं, सगळंच. आपल्याला जे मागचं मुखपृष्ठ वाटतं ते पुढचं.

फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणारे खंड बहुतेक नकली असतात. ओळखायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. राखाडी छटा असलेली जागा, उदाहरणार्थ केस किंवा सावली, कॅमेऱ्यात मोठी करून बघा. अस्सल छपाईत बारीक, सुटे, गोल ठिपके दिसतात. नकली प्रत छापील पान स्कॅन करून पुन्हा छापलेली असते. ठिपक्यांवर ठिपके पडल्याने तिथे चौकडीचं किंवा लाटांचं जाळं दिसतं, काळा रंगही धुरकट येतो. कण्याजवळचे फुगे घडीत बुडालेले असतात आणि दोनदा पूर्ण उघडलं की गोंदाचा कटकट आवाज येऊन पानं सुटतात.

चित्रकारासाठी घेणारे

हे गिऱ्हाईक थोडं, पण सहसा फसत नाही. कारण ते पात्राच्या मागे न जाता हाताच्या मागे जातं. पुण्याच्या प्रताप मुळीकांची अमर चित्रकथा ज्यांना आवडते त्यांनी राज कॉमिक्सच्या नागराज या सुपरहिरोचे १९८६पासूनचे सुरुवातीचे अंक जरूर बघावेत, तोच हात आहे.

मोठ्यांनी एक पुस्तक उघडून बघावंच: २०११मध्ये नवयान प्रकाशनाने काढलेलं 'भीमायन'. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढले आहेत. नेहमीच्या ठोकळेबाज चौकटी नाहीत, पानं नक्षीने विभागलेली आहेत. फुगे नीट बघा: साध्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं, जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. अशी पुस्तकं फोनवर विचारून घेऊ नयेत, दहा मिनिटं समोर बसून चाळावीत.

"पुढे भाव येईल का?"

स्पष्ट सांगतो: या कारणासाठी आमच्याकडून घेऊ नका. भाव येतो तो फार थोड्या प्रती उरल्या की. १९३८मध्ये १० सेंटला मिळणाऱ्या 'अॅक्शन कॉमिक्स' क्रमांक १ची एक प्रत २०२४मध्ये ६० लाख डॉलरला गेली, कारण तेव्हा ती कुणी जपली नव्हती. उलट १९९१चा 'एक्स-मेन' क्रमांक १ पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला, ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या आणि लोकांनी पाचही घेऊन जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे तो आजही कवडीमोल मिळतो. 'मर्यादित आवृत्ती', 'विशेष मुखपृष्ठ' असं दिसलं की हे आठवा. मुखपृष्ठ आवडलं असेल तर खुशाल घ्या, पण एकच.

घरी नेल्यावर

नव्या मांगाला काही करावं लागत नाही. जुन्या अंकांना ओल आणि ऊन दोन्ही मारतं. न्यूजप्रिंट उन्हात पिवळा पडतो, पावसाळ्यात पिना गंजतात, कसर लागते. मुंबई-कोकणात राहात असाल तर अंक भिंतीला टेकलेल्या कपाटात आणि तळाच्या फळीवर ठेवू नका. पॉलिप्रोपिलिनची पिशवी आणि आत आम्लरहित पुठ्ठा एवढं पुरतं. पीव्हीसीची मऊ, वासाची पिशवी आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याचं आम्ल अंकात उतरतं. डांबरगोळ्यांऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीनंतर बदला. अंक उभे ठेवा, पण सैल नको, वाकतात.

बाहेरगावच्या ग्राहकांना आम्ही प्रत्येक जुन्या अंकाचे चार फोटो पाठवतो: पुढचं मुखपृष्ठ, मागचं, मधला उघडा जोड पिनांसह आणि प्रकाशकाची ओळ. दुसऱ्या कुणाकडून घेताना हेच चार मागा. मधल्या जोडाचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडची प्रत सोडून द्या. आमच्याकडून घेतलेल्या अंकात पान कमी निघालं तर सात दिवसांत परत आणा, पैसे पूर्ण मिळतील. गोष्ट आवडली नाही म्हणून मात्र परत घेत नाही, अदलाबदल करून देतो.