ऑगस्टचं ऊन, डिसेंबरची ऊब

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानाडाहून पूर्वेकडे निघालेली बस सिएरा नेवादा पर्वतरांगेच्या उत्तर अंगाने घाट चढते, उतरते आणि तासाभरात तांबूस, पावसाने ओरखडलेल्या मातीच्या टेकड्या सुरू होतात. हे ग्वादिक्स. रोमन काळात याचं नाव आक्सी होतं, म्हणून इथले लोक आजही स्वतःला आक्सितानो म्हणवतात. गावात कॅथेड्रल आहे, मूरांचा, म्हणजे इथल्या जुन्या मुसलमान राज्यकर्त्यांचा किल्ला आहे, पण पाय वळतात ते दक्षिणेकडच्या गुहांच्या वस्तीकडे. तिथे टेकड्यांच्या अंगाखांद्यावर पांढरीशुभ्र धुराडी उगवलेली दिसतात. ना कौलं, ना गच्ची, नुसती धुराडी. आपण ज्या पायवाटेवर उभे असतो तिच्या खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

अशी सुमारे 2000 घरं इथे आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांत आजही संसार चालू आहेत. 1489 साली हे गाव ख्रिस्ती राजवटीच्या हाती गेलं. त्यानंतर गावकुसाबाहेर ढकलल्या गेलेल्या मुसलमान कुटुंबांनी टेकड्या पोखरून निवारा केला आणि सोळाव्या शतकात ही वस्ती वाढत गेली. हाताशी लाकूड नव्हतं, दगडाला पैसा नव्हता. होती ती माती आणि कुदळ.

ती मातीही साधी नव्हे. आपल्या डोळ्यांसमोर ‘गुहा’ म्हटलं की वेरूळचा काळा कातळ येतो, छिन्नीला सहजी दाद न देणारा. ग्वादिक्सचं खोरं मात्र लाखो वर्षं समुद्राला न मिळणारं, चहूबाजूंनी बंद असं होतं. भोवतालच्या डोंगरांवरून नद्या गाळ, वाळू आणि गोटे आणत आणि इथेच टाकून देत. पुढे काही लाख वर्षांपूर्वी ग्वादालक्विव्हीर नदीच्या एका उपनदीने मागे मागे झीज करत या खोऱ्याची कड फोडली. पाण्याला वाट मिळाली आणि साचलेला गाळ खोल खोल चिरत गेला. त्या चिरांच्या मधे उरल्या त्या या टेकड्या. 2020 साली युनेस्कोने या परिसराला जागतिक भू-उद्यानाचा दर्जा दिला.

हा चिकणमातीचा गाळ कुदळीने सहज निघतो आणि उघडा पडून वाळला की टणक होतो. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. सपाट छत कोरलं तर मधोमध ताण येऊन ढासळेल. म्हणून इथल्या प्रत्येक खोलीचं छत कमानदार असतं, म्हणजे वरचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरतो. कुटुंब वाढलं की मागच्या भिंतीत आणखी एक खोली खोदायची, इतकं ते सोपं होतं.

आता खरी गंमत. उन्हाळ्यात बाहेर अंग भाजत असताना आत शिरलं की गारवा जाणवतो आणि हिवाळ्यात बाहेर पाणी गोठत असताना आत ऊब असते. घरात वर्षभर साधारण 18 ते 20 अंश सेल्सिअस तापमान राहतं, असं इथे सांगतात. ‘माती उष्णता अडवते’ एवढ्यावर आपण समाधान मानतो, पण तेवढं पुरेसं नाही. माती उष्णता आत येऊ देते, फक्त फार सावकाश येऊ देते.

जमिनीवर तापमानाच्या दोन लाटा येतात: दिवस-रात्रीची आणि उन्हाळा-हिवाळ्याची. दिवसाची लाट मातीत दहा-पंधरा सेंटीमीटर उतरेपर्यंतच तिचा जोर जवळपास एक तृतीयांशावर येतो. वर्षाची लाट 365 पट लांब, पण ती 365 पट खोल जात नाही. खोली वाढते ती वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे साधारण 19 पट. अशा मातीत ते अंतर दोन-अडीच मीटर भरतं. डोक्यावर पाच मीटर माती असेल आणि वर उन्हाळ्या-हिवाळ्याच्या सरासरीत 20 अंशांचा फरक असेल, तर खाली तो जेमतेम दोन अंश उरतो. शिवाय लाटेला तिथे पोचायला सुमारे चार महिने लागतात. ऑगस्टचं ऊन छताशी येतं ते डिसेंबरात, नेमकं हवं तेव्हा. खोल मातीचं तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिरावतं. त्यात चूल आणि माणसांच्या अंगाची ऊब भर घालते.

या घरांचा शत्रू पाणी आहे. वर्षाला 300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणून ती टिकली. पण टेकडीच्या माथ्यावर पाणी साचू दिलं किंवा झाडांची मुळं आत उतरली, की छताला धोका. आतल्या दमटपणासाठी उपाय चुन्याचा. भिंतीवर फासलेली चुन्याची सफेदी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनते, अंधाऱ्या खोलीत उजेड परतवते आणि तिच्या बारीक छिद्रांतून मातीतली ओल बाहेर पडू शकते. हौसेने सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग दिला, तर ओल मागे कोंडते आणि पापुद्रे सुटू लागतात. हवा खेळती ठेवणं धुराड्याकडे असतं. मागच्या खोल्यांना खिडकी नसते, म्हणून आत दारांऐवजी पडदे लावायची रीत आहे; दार लावून घेतलं तर मागची हवा तिथेच कोंडून राहील.

दर काही काळाने कुणीतरी हातात चुन्याची बादली घेऊन टेकडीवर चढतं आणि आपल्याच घराच्या डोक्यावर उभं राहून ते धुराडं पुन्हा पांढरं करतं.